ऑगस्टची पाळी माझ्याकडं आलीय

प्रश्न: अक्का, नमस्कार. मी निपाणीची. वय तेहतीस, पतसंस्थेत नोकरी करते. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड या पट्ट्यातल्या देव न मानणाऱ्या लिहित्या माणसांचा आमचा एक गट आहे. गटातल्यांनी महिनाभरात कुठं कुठं लिहिलेलं, किंवा लिहून घरीच ठेवलेलं, एकत्र करून आम्ही दर महिन्याला पंचवीस-तीस पानांचं संकलन काढतो. झेरॉक्स करून वाटतो, बाहेरगावी पीडीएफ जाते. संपादक असा कुणी एक नाही, पाळी फिरती असते. ज्याची पाळी त्यानं मजकूर मागवायचा, निवडायचा, प्रत्येक लेखाच्या वर दोन-चार ओळी लिहायच्या आणि पुढच्याच्या हवाली करायचं. गेल्या बैठकीत ऑगस्टला कुणी तयार होईना, तेव्हा मी हात वर केला. घरी येईपर्यंत पोटात गोळा आला. सगळे माझ्याहून जास्त शिकलेले, जास्त वाचलेले. त्यांचं लिखाण मी कुठल्या तोंडानं परत करू? दोघं-तिघं देवांवर फार तिखट लिहितात, त्याचं काय करायचं? धारवाडहून कन्नडमध्ये लेख येतात, ते आजवर कुणी घेतलेच नाहीत. आणि घरी सासूबाई सौंदत्तीच्या यल्लम्माच्या भक्त आहेत. माझं नाव छापू की नको?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: पाळी घेतलीस, फार चांगलं केलंस. आता मागं फिरू नकोस.

कन्नड लेखांची ओळ तू जाता जाता लिहिलीयस, पण तुझ्या पत्रात मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटली. तिच्याकडं सावकाश येते. आधी पोटातल्या गोळ्याचं बघू.

निवड करणाऱ्याला विद्वान असावं लागत नाही. त्यानं आलेला प्रत्येक लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला असावा लागतो, आणि एवढं काम मन लावून करणारी माणसं फार थोडी असतात. मी बेळगावात मराठी शाळेत शिकवत होते. शाळेचं हस्तलिखित निघायचं, मुलं पानंच्या पानं भरून द्यायची. कुणाचा निबंध गाईडातून उतरवलेला आणि कुणाचा त्याच्या घरातून आलेला, हे दुसऱ्या परिच्छेदात कळायचं. मोठ्यांच्या लेखांचंही काही वेगळं नसतं. वाचताना स्वतःला विचार, हे या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आलं असतं का? देव नाही एवढंच पुन्हा सिद्ध करणारा लेख चार्वाकांपासून आजपर्यंत पुष्कळांनी लिहिलाय आणि तुमच्या गटात तो सगळ्यांना पाठ असणार. पण वडिलांच्या दहाव्याला मुंडन न करता उभा राहिलेल्या मुलाशी भावकी कशी वागली, कावळा शिवेना म्हणून सगळे उन्हात ताटकळले तेव्हा तो काय बोलला आणि आई काय बोलली, हे त्याचं त्यालाच सांगता येतं. तो लेख घे. आधीचा परत कर.

परत करताना गप्प मात्र बसू नकोस. लेख आला नाही हे अंक हातात पडल्यावर कळणं फार लागतं. दोन ओळी लिहून कळव: अमुक परिच्छेद मला आवडला, तो वाढवून पुढच्या महिन्याला द्याल का? तुझ्याहून जास्त वाचलेला माणूस असेल, तर आपला लेख कुणीतरी नीट वाचला हे त्याला लगेच ओळखू येतं, आणि सहसा तो रागावत नाही. रागावलाच तर पुढच्या महिन्याची पाळी दुसऱ्या कुणाची आहेच.

पाळीची पद्धत मला मनापासून पटते ती याचसाठी. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणावरचं मासिक जवळजवळ एकहाती चालवलं. पदरचे पैसे घातले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९५३ साली कर्वे गेले आणि मासिकही थांबलं. त्यांच्या जिद्दीपुढं मी हात जोडते, पण एका माणसावर उभं असलेलं काम त्या माणसाबरोबर संपतं हेही त्यातून दिसतं. तुमच्यातलं कुणी आजारी पडलं, कुणाची हुबळीला बदली झाली, तरी पुढचा महिना निघेल. भिशीत ज्याचा नंबर लागतो त्याच्या हाती सगळ्यांची रक्कम येते, आणि ती आपली एकट्याची नव्हे हे त्याला ठाऊक असतं. या महिन्यात तुझ्या हाती सगळ्यांची पानं आहेत.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. मजकूर घ्यायची शेवटची तारीख ठरव आणि तिच्यानंतर आलेलं पुढच्याकडं दे, मग तो कुणीही असो. एका माणसाचा एकच लेख, तुझा स्वतःचा धरून. आधी कुठं छापून आलेला असेल तर लेखकाला आणि तिथल्या संपादकाला विचार, आणि कुठून घेतला ते खाली लिही. जुन्यातलं काही घ्यावंसं वाटलं तर एवढं लक्षात ठेव की आपल्याकडं लेखक गेल्यानंतर साठ वर्षं त्याच्या लिखाणाचा हक्क वारसांकडं राहतो. आगरकर १८९५ साली गेले, कर्वे १९५३ साली, त्यांचं लिखाण कुणालाही छापता येतं. दाभोलकरांचा अख्खा लेख मात्र विचारल्याशिवाय घेता येणार नाही. त्यातल्या चार ओळी घेऊन त्यांवर लिहायला कुणाची हरकत नसते.

आता ऑगस्टचं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना मारलं. ३० ऑगस्ट २०१५ला धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गींना, त्यांच्या राहत्या घरी. त्यामुळं या महिन्यात जवळजवळ प्रत्येक जण तुला आदरांजली पाठवणार, आणि नावं झाकली तर त्यातल्या बऱ्याच एकमेकींपासून ओळखू येणार नाहीत. पहाट, मोटारसायकल, गोळ्या, विचार मरत नाहीत. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, मला त्याबद्दल तिळमात्र शंका नाही. तरी तू त्यातला एकच लेख घे, ज्यात दाभोलकर मरताना नव्हे, काम करताना दिसतात असा. ते डॉक्टर होते, कबड्डीचे नामांकित खेळाडू होते. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, 'साधना'चं संपादन केलं, आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं मुंबई-नागपूरला हेलपाटे घातले. मसुदा बदलायचा, कलमं गाळायची, पुन्हा मांडायचा. कायदा विधिमंडळात संमत झाला तो डिसेंबर २०१३मध्ये, ते गेल्यावर. त्या हेलपाट्यांवर कुणी लिहिलं असेल तर दोन पानं जास्त दे.

आणि लेखातली माहिती तपास. जुन्या फायलीतून काढलेल्या लेखात मारेकरी अजून सापडले नाहीत असं असेल, तर ते आता चूक आहे. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयानं या खटल्यात दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. त्या निकालाबद्दल लेखकाचं मत काहीही असो, निकाल लागलाय हे वाचकाला कळलं पाहिजे. लोकांनी पुरावा मागावा असं आपण म्हणतो, मग आपल्या पानावरची तारीख चुकून कशी चालेल?

याच ओघात सांगते, कुणालाही मेल्यावर नास्तिक करू नकोस. कलबुर्गी वचनसाहित्याचे, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी कन्नडमध्ये रचलेल्या वचनांचे, मोठे संशोधक होते. ते जे शोधत होते ते शरणांच्या परंपरेच्या आतलं होतं. आपलं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाशी आहे, ही दाभोलकरांच्या समितीची जाहीर भूमिका. जोतीराव फुल्यांनी तर निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानला. या सगळ्यांचं ऋण आपल्यावर आहे, ते फेडायचं तर ते जे म्हणाले तेच छापायचं. लेखावरच्या दोन ओळींत तू हे सांगू शकतेस: हे गृहस्थ देव मानत होते, तरी हा लेख आपल्यासाठी का महत्त्वाचा आहे. असं खरं लिहिलंस तर अंकाचं वजन वाढेल.

आता कन्नड.

बेळगावापासून धारवाड ऐंशीएक किलोमीटर, कोल्हापूर सव्वाशेच्या आत. १६ फेब्रुवारी २०१५ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळी फिरून घरी येत होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे गेले. सहा महिन्यांनी धारवाड. एकाच महामार्गावरची दोन गावं, आणि मधे आपण. फेब्रुवारीत माझ्या ओळखीच्या मराठी घरांत पानसरे कोण हे सांगावं लागलं नाही. ऑगस्टमध्ये कलबुर्गी कोण, हे पुष्कळांना पेपरात वाचून कळलं. मला त्यांचं काम समजावून सांगितलं ते शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी, आमच्या कट्ट्यावर बसून, अर्धं कन्नडमध्ये आणि अर्धं मराठीत. पुढं ५ सप्टेंबर २०१७ला बेंगळुरूत गौरी लंकेश गेल्या. त्या कन्नड साप्ताहिक चालवत होत्या. बेळगाव-निपाणीच्या माणसानं यातलं अर्धंच दुःख आपलं मानायचं आणि अर्धं दुसऱ्या भाषेचं म्हणून सोडायचं, हे मला सहन होत नाही.

सीमाप्रश्न विसर असं मी तुला म्हणणार नाही. १ नोव्हेंबरला आमचे वडील काळी फीत लावून फेरीत जायचे, घरात त्या दिवशी गोडधोड होत नसे. १९५६ साली जे झालं त्याची सल मलाही आहे आणि मराठी शाळेच्या पटावर एक-एक मूल कमी होताना मी पाहिलंय. पण तो भाषेच्या हक्काचा आणि राज्याचा प्रश्न आहे. धारवाडच्या एखाद्या बाईनं नवऱ्यामागं कुंकू पुसायला नकार दिला आणि त्यावर कन्नडमध्ये लिहिलं, तर तिच्या लेखाशी आपलं कसलं भांडण? डोंगराकडं बघ ना. सौंदत्तीला पुनवेला कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या येतात तशाच धारवाड-विजापूरकडच्या. उदो उदो दोन्ही भाषांत होतो. जट आली की ती देवीची म्हणून डोक्यावर वागवणारी बाई चिकोडीत आहे तशी गडहिंग्लजातही आहे. पोरीला देवीला सोडण्याची रूढी दोन्हीकडं होती, कर्नाटकानं ती कायद्यानं बंद केली १९८२ साली. श्रद्धेनं इथं भाषेची हद्द कधी मानली नाही. त्या श्रद्धेला प्रश्न विचारणाऱ्यांनी का मानावी?

दोन भाषांचा अंक म्हणजे काहीतरी अघटित, असं कुणी बैठकीत म्हणालं तर आगरकरांचं नाव घे. १८८८ साली 'सुधारक' निघाला तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, इंग्रजी बाजू गोखले बघायचे. कन्नडकडं तर आपल्यासारखंच, काही बाबतींत आपल्याहून आधीचं काम आहे. बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी १९७६ साली चमत्कारांची तपासणी करायला समिती नेमली आणि त्या वेळच्या मोठ्या प्रस्थाला, पुट्टपर्तीच्या साईबाबांना, चमत्कार समितीपुढं करून दाखवा असं पत्रानं कळवलं. बाबांनी ते मानलं नाही. विद्यापीठाचा कुलगुरू हे उघडपणे करतो, ही गोष्ट मराठी वाचकाला कुणीतरी सविस्तर सांगायला हवी. धारवाडच्या तुमच्या मित्रांना तसं लिहायला सांगून बघ.

कायद्याच्या बाबतीत तर कन्नड बाजूशिवाय तुमचा अंक चुकीची माहिती देईल. कोल्हापूरचा लेखक सहज लिहून जातो, अशा भोंदूवर आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तक्रार करा. पण तो कायदा महाराष्ट्राचा. निपाणीच्या वाचकाला निपाणीच्या पोलीस ठाण्यात त्याचा उपयोग नाही. कर्नाटकाचा स्वतःचा कायदा आहे, २०१७चा, त्याची कलमं वेगळी. तेव्हा असा लेख आला की खाली तुझी एक टीप हवी: हद्दीच्या अलीकडं हा कायदा, पलीकडं तो. हे काम सातारा-पुण्याच्या संपादकाला सुचणार नाही. तुला सुचेल, कारण तुझी पतसंस्था अलीकडं आहे आणि निम्मे नातेवाईक पलीकडं असतील.

प्रत्यक्ष करायचं कसं? कन्नड लेख मागवताना फाईल युनिकोडमध्येच पाठवा असं आधीच सांग. नाहीतर नुडी किंवा बरह या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं येतं आणि तुझ्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात. मराठीतही श्रीलिपीवाले अजून आहेतच, त्यांनाही तेच सांग. अनुवाद एकटीनं करू नकोस. निपाणीत दोन्ही भाषा घरात बोलणारं माणूस शोधायला गल्ली ओलांडावी लागत नाही. त्यानं वाचून दाखवावं, तू मराठीत लिहावंस, मग ते लेखकाला परत वाचून दाखवावं. फोनवर अर्धा तास लागतो. एक लेख पुरे. अंकात मूळ कन्नडही छाप, पानं वाढली तरी चालेल. धारवाडचा माणूस ते पान आपल्या शेजाऱ्याला दाखवू शकला पाहिजे.

तिखट लेखांचं उत्तर मला सोपं वाटतं. लेखातला राग कुणावर आहे ते बघ. पायाळू माणसाच्या नावानं गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्यावर असेल, आजारी पोराला दवाखान्यात न नेता अंगारा लावा म्हणणाऱ्यावर असेल, तर कितीही तिखट असो, छाप. डोक्यावर परडी घेऊन अनवाणी निघालेल्या म्हातारीवर असेल तर परत कर. तिनं कुणाचं काय बिघडवलंय? नुसती देवाची टवाळी असेल तरी परत कर, कारण ती वाचून एकाही माणसाच्या मनात प्रश्न उभा राहत नाही. ऑक्टोबर १९३०मध्ये भगतसिंगांनी लाहोरच्या तुरुंगातून आपल्या नास्तिकपणाबद्दल लिहिलं. सोबतच्यांचा आरोप होता की प्रसिद्धीनं डोकं फिरलं म्हणून हा देव नाकारतोय. फाशी समोर दिसत असताना त्यांनी त्या आरोपाचं उत्तर मुद्द्यामागून मुद्दा देत लिहिलं. तेवीस वर्षांचा मुलगा. तुझ्या तिखट लेखकांना म्हणावं, निदान तेवढा संयम आपल्याला परवडतो.

आणखी एक कसोटी लाव. एका धर्माच्या बुवाला लावलेलं माप दुसऱ्या धर्माच्या बाबाला, मौलवीला, पाद्र्याला लावलंय का? लावलेलं नसेल तर तो लेख नास्तिकाचा नव्हे, पक्षपाती माणसाचा आहे.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं कलम २९५क, आता भारतीय न्याय संहितेत २९९. जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीनं धार्मिक भावनांचा अपमान करणं हा गुन्हा आहे. हेतू तसा नसलेली टीका त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५७ सालीच सांगितलंय. तक्रार मात्र कुणीही करू शकतो आणि ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागू शकतात. म्हणून वादग्रस्त लेख एकटीच्या निर्णयानं घेऊ नकोस. गटातल्या आणखी दोघांना वाचायला दे, त्यांचं मत लेखी घे.

राहिलं नाव आणि सासूबाई.

नाव छापायचं की नाही हे तुझं तू ठरव, कुणी भित्री म्हणालं तर म्हणू दे. घर चालवायचं तुला आहे. यावेळी नुसतं 'संकलन: निपाणी' असं छापलंस तरी अंकाचं काही अडत नाही. पण दुसऱ्यांच्या टोपणनावांबद्दल फार कडक राहा. कुणाची खरी ओळख तुझ्या तोंडून नवऱ्यालाही कळता कामा नये. पीडीएफ पाठवण्याआधी फाईलचे तपशील उघडून बघ, बऱ्याचदा संगणकावरचं खरं नाव लेखक म्हणून आपोआप जाऊन बसतं.

सासूबाईंना मात्र झेरॉक्सचे गठ्ठे घरात येण्याआधी तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना तुझ्या नास्तिकपणापेक्षा लपवल्याचं दुःख जास्त होईल. सगळं एकदम सांगू नकोस. आम्ही काहीजण मिळून लिहितो, देव मानत नाही अशांचं लिखाण आहे, या महिन्याला ते जमवायचं काम माझ्याकडं आहे, इतकं पुरे. त्यांनी डोंगराला जायचं म्हटलं की नेहमीप्रमाणं एसटीत बसवून दे, पाण्याची बाटली दे, परत कधी येणार विचार. घटनेच्या २५व्या कलमात सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, ते त्यांनाही आहे आणि तुलाही. माझ्या जाऊबाई चतुर्थीला गणपती आणतात. मी आरतीला उभी राहत नाही, मोदकाच्या कळ्या मात्र मीच वळते कारण त्यांचा हात दुखतो. पहिली दोन वर्षं घरात अबोला होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. मग त्यांनी एकदा माझा जटांवरचा लेख मुलाकडून वाचून घेतला आणि मला विचारलं, त्या बाईची मान आता दुखायची थांबली का? त्या आजही तितक्याच श्रद्धाळू आहेत. आमचं बोलणं चालू झालं ते त्या बाईच्या मानेवरून. तुझ्या अंकात सासूबाईंना वाचून दाखवता येईल असा एक तरी लेख असला, तर मला फार आनंद होईल.

प्रश्न: अक्का, आमच्याकडंही असंच फिरतं संकलन निघतं. सप्टेंबरची पाळी माझी आहे, बैठक पाळीवाल्याच्या घरी भरते. मुलगा म्हणतो, घरात गणपती बसलेले असताना ती बैठक आपल्याकडं नको. घर माझ्या नावावर आहे. मी ठाम राहावं का?
– एक निवृत्त वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: अण्णा, घर तुमच्या नावावर असलं तरी राहतात सगळेच. मुलाचं म्हणणं मला रास्त वाटतं. त्या दिवसांत घरी पाहुणे असतात, सूनबाईंचा जीव कामात अडकलेला असतो, आणि तुमच्या मित्रांनाही मोकळेपणी बोलता येणार नाही. वाचनालयाची खोली मागून बघा, किंवा विसर्जनानंतरचा रविवार धरा. ठाम राहायचंच असेल तर मजकुरात राहा. घरचा गणपती घरच्या माणसांनी कसा बसवावा, कर्ज काढून देखावा करावा का, विहिरीत काय सोडावं, यांवर लेख मागवा आणि तुमच्या मुलालाही लिहायला सांगा. त्याला काहीतरी म्हणायचंय असं दिसतं.

प्रश्न: मॅडम, मी चिकोडीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मित्राच्या गटात असं संकलन निघतं. मला मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग येतं म्हणून त्यानं मदतीला बोलावलंय. पण मी विठ्ठलाला मानतो, आजोबांबरोबर वारीलाही जाऊन आलोय. मी हे काम केलं तर खोटं वागल्यासारखं होईल का?
– एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर: होणार नाही. तू काय मानतोस ते मित्राला आधीच सांगून टाक, म्हणजे मनात काही राहणार नाही. टाईप करताना एखादा लेख तुला चुकीचा वाटला तर तो बदलू नकोस, गाळू नकोस, एक अक्षरही नाही. वाटलंच तर वेगळ्या पानावर उत्तर लिहून पाळीवाल्याला दे. त्यानं ते छापावं असं मी माझ्याकडून त्याला आग्रहानं सांगते. वारीत तू काय पाहिलंस हे नास्तिकांनी वाचायला हवं, विशेषतः आजोबा चालताना थकले तेव्हा अनोळखी लोकांनी काय केलं ते. टंकलेखन म्हणून अंकाच्या शेवटी तुझं नाव येईल. घरी ते चालणार नसेल तर छपाईच्या आधी सांग, नंतर खोडता येत नाही.